नुसता बसलेला असतो

मागच्या अंकात मी सार्वजनिक वाचनालयांमधल्या किशोरांच्या मीडिया रूमबद्दल लिहिलं होतं. म्हणजे अशी खोली, जिथे तेरा ते एकोणीस वयाची मुलं शाळा सुटल्यावर येतात, माइक, कॅमेरे, कॉम्प्युटर फुकट वापरतात आणि गाणं, फिल्म, गेम, चित्र असलं काहीबाही करतात. किंवा करत नाहीत. अशी एक खोली मी अकरा वर्षं सांभाळली, त्याआधी देवघेवीच्या टेबलावर होते. लेखावर पत्रं बरीच आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: हे सगळं ठीक, पण याचा उपयोग काय? त्यातली सहा इथे घेतली आहेत.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. चार महिने झाले, आठवड्यातून तीनदा वाचनालयाच्या मीडिया रूममध्ये जातो. काय शिकलास विचारलं की म्हणतो, ‘काही नाही.’ परवा न सांगता जाऊन पाहिलं, तर कोपऱ्यात नुसता बसलेला, दुसऱ्याचा गेम बघत. यापेक्षा एखादा चांगला कोर्स लावलेला काय वाईट? (एक आई)

ताई, तुम्ही न सांगता येऊन गेलात हे त्याला कळलं असेल, तर आधी त्याचा रुसवा काढा. बाकीचं नंतर.

आता बसण्याबद्दल. मिझुको इतो या मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २००८ अशी तीन वर्षं अमेरिकेतली मुलं डिजिटल माध्यमांशी नेमकं काय करतात ते जवळून पाहिलं. आठशेहून जास्त मुलामुलींशी ते बोलले. त्यातून त्यांनी तीन तऱ्हा सांगितल्या, आणि आमच्या क्षेत्रात त्या आता मंत्रासारख्या म्हटल्या जातात: हँगिंग आउट, मेसिंग अराउंड, गीकिंग आउट. मी त्यांना रेंगाळणं, खुडबुड करणं आणि झपाटणं म्हणते. मुलं येतात मित्रांसाठी. रेंगाळता रेंगाळता हाताला काही लागतं, मग त्याच्याशी खुडबुड चालते. आणि त्यातली एखादीच गोष्ट एखाद्यालाच झपाटते.

शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयाने २००९ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयाच्या तळमजल्यावर ‘यूमीडिया’ सुरू केलं, ते याच तीन शब्दांवर बेतून. बसायला ऐसपैस जागा, खुडबुडीला टेबलं आणि झपाटलेल्यांसाठी रेकॉर्डिंगचा स्टुडिओ. तिथे ओपन माइकला, म्हणजे कोणीही उठून माइकवर काही सादर करावं अशा संध्याकाळी, उभा राहणारा एक पोरगा पुढे चान्स द रॅपर म्हणून जगभर गाजला. हे उदाहरण मी भीतभीतच देते, कारण ते ऐकलं की पालकांचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग आमचा कधी?’ अहो, त्याच संध्याकाळी खुर्चीत बसून नुसत्या टाळ्या वाजवणारीही मुलं होतीच की. खोली त्यांचीही होती.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. तुमच्याच मुलाच्या वयाचा. पहिले तीन महिने त्याने एकच काम केलं, वायरी गुंडाळल्या. कोणी सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंग संपलं की माइकच्या लांब वायरी जमिनीवर सापासारख्या पडलेल्या असायच्या. हा त्या उचलायचा आणि एक वेढा सरळ, एक उलटा, एक सरळ, एक उलटा अशा गुंडाळायचा. तशी गुंडाळलेली वायर पिळत नाही, टोक धरून फेकली की सरळ उलगडते. हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. माझ्या मासिक अहवालात त्याच्या नावापुढे लिहायला काही नव्हतं. ‘वायरी गुंडाळतो’ असा रकानाच नव्हता.

एका संध्याकाळी दोन मुली मुलाखत रेकॉर्ड करत होत्या आणि हेडफोनमध्ये सतत बारीक भुणभुण येत होती. मी माइक बदलला. वायर बदलली. आवाजाची पातळी खालीवर केली. भुणभुण कायम. हा उठला, लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि परत जाऊन बसला. आवाज बंद. चार्जरमधून येणारा विजेचा गुणगुणाट माइकच्या जोडणीत शिरतो हे मला ठाऊक नव्हतं, मी त्या खोलीची प्रमुख असून. त्याला कसं कळलं? ‘वायरी गोळा करताना कुठली कशात जाते ते दिसतं ना,’ म्हणाला.

पुढे तो साउंड इंजिनिअर झाला असं लिहिता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. वर्षभराने तो यायचा थांबला. सध्या काय करतो, कल्पना नाही.

देवघेवीच्या टेबलावर असताना पुस्तक परत आणणाऱ्याला मी कधी विचारलं नाही, ‘काय शिकलात यातून?’ विचारलं असतं तर निम्मे सभासद फिरकले नसते. कोणी कादंबरी अर्धी सोडून आणायचं, कोणी नुसती चित्रं बघून. आपण शिक्का मारायचा आणि पुढचं द्यायचं. मग मुलाने माइक दोन तास घेऊन परत दिला की आपल्याला हिशेब का हवा असतो?

कोर्स लावायचा तर लावा, पण या खोलीच्या बदल्यात नको. आणि काळजी वाटतेच आहे तर तिथल्या दादाला किंवा ताईला एवढंच विचारा, की माझा मुलगा कोणाबरोबर बसतो. उत्तर चटकन आलं तर निवांत घरी जा. ‘कोण हो तुमचा मुलगा?’ असं आलं, तर मात्र तक्रार करा. ती मुलाची नाही, खोलीची.

आमच्या मंडळाने किशोरांसाठी एक खोली आणि एकरकमी निधी दिला आहे. पुरवठादाराने थ्रीडी प्रिंटर, व्हीआर हेडसेट, मोठी टचस्क्रीन अशी यादी करून दिली आहे. आधी काय घ्यावं? (एक ग्रंथपाल)

यादी फाडू नका, मागची बाजू हिशेबाला उपयोगी पडेल.

आधी माणूस घ्या. आठवड्यातले तीन दिवस दोन-दोन तास येणारा का होईना, पण स्वतः काही करणारा: गाणारी, फिल्मा एडिट करणारा, कॉमिक्स काढणारी. शिक्षक नको असं नाही, पण मुलांना त्याच्याकडे बघून ‘हा हे रोज करतो’ असं कळलं पाहिजे. शिकागोला ही जागा मेंटॉर, म्हणजे मुलांना हाताशी धरणारे कलाकार, भरून काढतात. तिथले ब्रदर माइक म्हणून ओळखले जाणारे कवी माइक हॉकिन्स २०१४ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनी पुढे त्यांच्या आठवणीत ओपन माइकच्या संध्याकाळी चालू ठेवल्या. थ्रीडी प्रिंटरसाठी हे कोणी करणार नाही. एकरकमी निधीतून मानधन देता येत नाही असं मंडळ सांगेल. सगळीच मंडळं सांगतात. भांडा.

माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी मी एक महागडा कॅमेरा घेतला आणि तो हरवेल या भीतीने कपाटात कुलपात ठेवला. घ्यायचा तर अर्ज, पालकांची सही, ओळखपत्र, माझी सही. वर्षभरात तो चार वेळा बाहेर आला. त्यातल्या दोन वेळा मंडळाच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला. दुसऱ्या वर्षी त्याच किमतीत साधे, पडले तरी चालतील असे कॅमेरे घेतले आणि उघड्या फळीवर ठेवले. त्यातला एक फुटला, एक गायब झाला. बाकीचे इतके वापरले गेले की बटणांवरची अक्षरं पुसली.

वस्तूंमध्ये म्हणाल तर डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर नाजूक आवाजही टिपतो, म्हणजे बाहेरची मोटारसायकल आणि शेजारच्याचं खोकणंही टिपतो. साध्या खोलीत डायनॅमिकच बरा, आणि तो हातातून पडला तरी सहसा काही होत नाही. कान पूर्ण झाकणारे हेडफोन भरपूर घ्या, हीच वस्तू सगळ्यात आधी मोडते. दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी. व्हिडिओ एडिट करताना अडकणार नाही असे दोन-तीनच कॉम्प्युटर, आठ नकोत. मुलं तशीही एका पडद्यापुढे तिघं बसतात, तेव्हा खुर्च्या मात्र जास्त ठेवा. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च करूच नका. आवाजाला ऑडॅसिटी, चित्राला क्रिता, थ्रीडीला ब्लेंडर, गेम आणि गोष्टींना स्क्रॅच, सगळं फुकट आहे आणि मूल घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरही त्यातलं काही ना काही चालवू शकतं. थ्रीडी प्रिंटर वाईट नाही. पण तळहाताएवढी वस्तू व्हायला कित्येक तास लागतात. मुलं पहिल्या दिवशी गोल करून बघतात, मग वाट बघायला कंटाळतात. तिसऱ्या वर्षी घ्या.

आणि एक वस्तू, जी कुठल्याच यादीत नसते: मुलांचं अर्धवट काम साठवायला मोठी हार्ड डिस्क. हे मी ज्या दिवशी शिकले तो दिवस मला अजून टोचतो.

एक मुलगी कागदी कापकामाची स्टॉप मोशन फिल्म करत होती. बेडूक तळ्यातून बाहेर येतो, बस्स. सेकंदाला बारा फोटो. चाळीस सेकंदांची फिल्म, म्हणजे ४८० फोटो. प्रत्येक फोटोआधी बेडकाचा पाय चिमट्याने सुतभर सरकवायचा. तीन आठवडे ती हेच करत होती आणि शेवटी एका दुपारी तिने कॅमेऱ्यातलं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, कार्ड रिकामं करून पुढच्याला दिलं आणि घरी गेली. आमचे कॉम्प्युटर, वाचनालयांत बहुतेक ठिकाणी असतात तसे, रात्री बंद झाले की आपोआप पहिल्यासारखे कोरे व्हायचे. कालच्याची माहिती आजच्याला दिसू नये म्हणून. भिंतीवर तशी सूचना होती, बारीक अक्षरात. मी लावलेली.

दुसऱ्या दिवशी तिने फोल्डर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. रडली नाही. बेडूक डब्यात ठेवला, झाकण लावलं, गेली. सतरा दिवस आली नाही, मी मोजले. आली तेव्हा तिने तीच फिल्म अकरा सेकंदांत आवरली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त चांगली झाली. पण त्याचं श्रेय आमच्या यंत्रणेला देऊ नका.

त्यानंतर आम्ही प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर ठेवायला लागलो, आणि त्या डिस्कची दर आठवड्याला दुसरी प्रत. नुसत्या आवाजाचं बघा, सीडीच्या दर्जाचं स्टीरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण दहा एमबी जागा घेतं. व्हिडिओ तर त्याहून कितीतरी खादाड. तेव्हा जागा सढळ हाताने घ्या. ‘सहा महिने उघडलं नाही तर पुसू’ असला नियम करू नका. मुलं वर्षाने परत येतात.

मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षांचा सभासद. मीडिया रूम झाल्यापासून वाचनकक्षात ढोल ऐकू येतात. वाचनालय म्हणजे शांतता, हे समीकरण मोडून आपण काय मिळवलं? आणि हे वाचनालयाचं काम आहे का? (एक वाचक)

सर, ढोलाच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. वाचनकक्षात ढोल ऐकू येत असतील तर काम कच्चं झालं आहे, आणि त्याचं खापर मुलांवर फोडणं चूक.

बहुतेक ठिकाणी होतं असं: कोणीतरी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवतं आणि स्टुडिओ झाला म्हणतं. त्या ट्रेंनी आवाज अडत नाही. आतला घुमारा थोडा कमी होईल, तोही नीट नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लागतं वजन आणि बंद फटी. जड दार, दाराखाली रबरी पट्टी, खिडकीला दुहेरी काच. दाराखाली बोटभर फट असली तर बाकी सगळा खर्च पाण्यात. आतला घुमारा मारायला जाड गोधड्या टांगल्या तरी चालतं. आणि वाचनालयाकडे तर एक फुकटचा माल पडून असतो. बाद झालेली, लहानमोठ्या आकाराची पुस्तकं भिंतभर रचली की आवाज छान विखुरतो. आमच्या स्टुडिओची एक अख्खी भिंत जुन्या वार्षिकांकांची होती. कोणी ती वाचली नाहीत, पण तिथे रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक गाण्यात त्यांचा हात आहे.

हेलसिंकीचं ‘ऊदी’ वाचनालय ५ डिसेंबर २०१८ ला उघडलं. त्यात स्टुडिओ, शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर सगळं दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पुस्तकं त्याच्यावर, तिसऱ्या मजल्यावर. आपल्याकडे मजला नसेल, पण वेळ तर वाटून घेता येतो. ढोल पाचनंतर, असा साधा नियम तुम्ही मंडळाकडे मागा. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

राहिलं ‘हे वाचनालयाचं काम का’. १९३१ मध्ये आपल्याकडचे ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पाचवा नियम, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा मीडिया रूमवाले लोक नेहमी तुमच्यासारख्यांच्या तोंडावर फेकतात. मी फेकणार नाही, कारण चौथा नियम सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा, आणि आमच्या खोलीत तर वेळ मनसोक्त वाया घालवायची सोय आहे.

मला पटणारं कारण वेगळं आहे. १९८९ ची गोष्ट. बॉस्टनच्या कॉम्प्युटर संग्रहालयात सुट्टीच्या आठवड्यात मुलांसाठी लेगोचे ठोकळे कॉम्प्युटरला जोडून चालवायचा उपक्रम झाला. संपला. पण काही मुलं नंतरही येत राहिली, आणि त्यांना करायला काही नसल्यामुळे संग्रहालयात भटकू लागली. काही दिवसांत सुरक्षारक्षकांना सूचना गेली: लपूनछपून आत शिरणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवा! उपक्रम चालवणाऱ्या नॅटली रस्क आणि मिचेल रेस्निक यांच्या लक्षात आलं, की या पोरांना शाळेनंतर जायला जागाच नाही. त्यातून १९९३ मध्ये पहिलं ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ निघालं. आज वाचनालयांमध्ये दिसणाऱ्या या खोल्यांचं ते थोरलं भावंड.

सर, पैसे न देता, काही विकत न घेता, कोणाचे पाहुणे न होता चौदा-पंधराच्या मुलाने संध्याकाळी बसावं अशी जागा सांगा. तुम्ही शिक्षक होतात, तुम्हाला माहीत आहे. वाचनालय सोडून मला फारशी सुचत नाही. आणि तो तिथे बसायला आला की त्याच्या हातात पुस्तकच द्यायचं असं ठरवलं, तर तो पुन्हा येत नाही. हे मी देवघेवीच्या टेबलावरून अनेक वर्षं पाहिलं आहे.

निधी देणारी संस्था दर तिमाहीला आकडे मागते: किती मुलं प्रशिक्षित झाली, किती प्रकल्प पूर्ण झाले. आमच्या खोलीत मुलं भरपूर, पूर्ण प्रकल्प मोजके. काय दाखवायचं? (एक विश्वस्त)

मी काय केलं ते सांगते, ते तुम्ही करू नका. आम्हालाही असाच एक रकाना होता. तो भरायला मी दर शनिवारी कार्यशाळा लावू लागले. दोन तास, शेवटी प्रमाणपत्र. आकडे झकास आले. पण शनिवारची मुलं प्रमाणपत्र घेऊन गेली ती गेलीच, आणि रोजची मुलं ‘आज शिकवणी आहे’ म्हणून दारातून परत फिरू लागली. दीड वर्ष मी स्वतःच्याच खोलीतून मुलं हाकलत होते आणि अहवालात पाठ थोपटून घेत होते.

मोजायचंच तर परत येणं मोजा. महिन्यात एकदा आलेली किती, आठपेक्षा जास्त वेळा आलेली किती. सहा महिन्यांपूर्वीचं अर्धवट फोल्डर पुन्हा उघडलं असं किती वेळा झालं. कोणी कोणाला शिकवलं. हे शेवटचं टिपायला एक वही दारात ठेवा, मेंटॉरने रोज दोन ओळी लिहायच्या. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये यूमीडियावर अहवाल काढला, त्यातही इथे सुरक्षित वाटतं, इथे आपलं कोणी आहे असं मुलांना वाटतं का, याला मोठी जागा दिली होती. तुमच्या निधीवाल्यांना तो दाखवा. बाहेरच्या विद्यापीठाचं नाव असलं की लोक जरा सरळ बसतात.

तरीही रकाना रिकामा चालणार नाही म्हणाले, तर वर्षातून एक संध्याकाळ ठेवा, ज्यात मुलं जे असेल ते दाखवतील. अर्धं गाणं, आवाज नसलेली फिल्म, चालता चालता अडकणारा गेम. आमच्याकडे एकाने नुसता लोडिंगचा पडदा दाखवला होता. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

माझ्या मुलीने मीडिया रूमच्या कॉम्प्युटरवर काय पाहिलं याची यादी मला मिळावी, अशी मागणी केली तर ग्रंथपालांनी नकार दिला. मी वडील आहे! (एक पालक)

त्यांनी बरोबर केलं. तुमची मुलगी कुठली पुस्तकं घेऊन गेली हेही चांगला ग्रंथपाल तुम्हाला सांगत नाही, आणि तुम्ही काय वाचता हे मुलीलाही सांगत नाही. खोलीत मोठं माणूस हजर असतं का, पडदे सगळ्यांना दिसतील असे मांडलेत का, नको त्या साइट्सवर गाळणी आहे का, हे जरूर विचारा. त्याची उत्तरं त्यांनी दिलीच पाहिजेत. स्टॉकहोमच्या कुल्चरहुसेट या सांस्कृतिक केंद्रात २०११ पासून ‘तिओत्रेत्तोन’ नावाचं वाचनालय आहे, दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी. तिथे तर पालकांना आतच सोडत नाहीत, दारात थांबायचं. तुमचं वाचनालय त्यामानाने फार प्रेमळ आहे. मुलीलाच विचारून बघा. यादीपेक्षा लांबलचक उत्तर मिळेल, किंवा काहीच मिळणार नाही. दोन्हीतून कळेल.

ताई, मी पंधरा वर्षांची आहे. आम्ही तिघींनी नेटवरच्या ‘फ्री’ बीटवर, म्हणजे तयार तालसंगीतावर, रॅप केलं. वाचनालय म्हणतं आमच्या चॅनलवर टाकणार नाही. बीट फ्री होती ना? आणि आम्ही ते अजून नीट संपवलेलंही नाही, तर आधी संपवू का आधी परवानगी मागू?

आधी परवानगी बघा, कारण बीट बदलावी लागली तर शब्द नव्याने बसवावे लागतील.

‘फ्री’ म्हणजे बहुतेक वेळा ‘ऐकायला फ्री’ किंवा ‘पैसे कमावणार नसाल तर फ्री’. व्हिडिओच्या खालचा मजकूर उघडून पूर्ण वाच. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे करणाऱ्याने काही अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी, लिहिला असेल तर त्याची अक्षरं बघ. ‘बीवाय’ म्हणजे मूळ करणाऱ्याचं नाव द्यायचं. ‘एनसी’ म्हणजे त्यातून कमाई करायची नाही. ‘एनडी’ असेल तर थांबा, कारण त्याचा अर्थ आहे तसंच ठेवा, आणि त्यावर रॅप करणं म्हणजे बदल झालाच. ‘सीसी झीरो’ असेल तर कसलीच अट नाही, मजा करा. काहीच लिहिलं नसेल तर सगळे हक्क त्याचे, असं समजायचं आणि त्याला निरोप पाठवून विचारायचं. बरेचजण हो म्हणतात, खास करून तुम्ही काय केलंय ते ऐकवलंत तर.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बीट स्वतः करणं. तिघी आहात, एकीने टेबल वाजवायचं, एकीने तोंडाने, तिसरीने रेकॉर्ड करायचं. वाचनालयालाही मग नाही म्हणायला जागा उरणार नाही.

संपवायची घाई नको. फक्त फाइलला ‘फायनल’ नाव देऊ नका, त्यानंतर ‘फायनल दोन’ आणि ‘खरंच फायनल’ येतात आणि तिघींपैकी कोणालाच कुठली उघडायची ते कळत नाही. तारीख घाला. आणि निघताना हेडफोन जागेवर.